भर मे महिन्यात हीटर

रविवार, १८ मे. संध्याकाळ.

खिशात आवळासुपारीची पुडी आहे. काढून टाकवत नाही.

सकाळी अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, माझ्या जुन्या टर्बो गाडीतून लोणी काळभोरला मेहुणीकडे नेलं. कूलंट मीच बदललं, मेकॅनिक हवा कशाला, हे हडपसरपर्यंत ऐकवत होतो. तिथल्या गर्दीत तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला. इंजिनाची उष्णता बाहेर ओढायला हीटर फुल केला. भर मे महिन्यात! सत्तरीचा माणूस शेजारी घामाने निथळत होता. म्हणाले, "स्वेटर आणायला हवा होता."

थांबत थांबत पोचलो, तर सगळे जेवायला ताटकळलेले. बायको आधीच तिथे होती. मी तोंड उघडायच्या आत अण्णाच म्हणाले, "मला गाडी लागली, म्हणून उशीर झाला." मेहुणीने आवळासुपारी दिली, ती त्यांनी मुकाट्याने चघळली. आणि मी म्हणालो, "होतं असं." होतं असं? लाज कशी नाही वाटली?

निघताना उरलेली पुडी त्यांनी माझ्याच हातात ठेवली. "घ्या, जावईबापू. गाडी तुम्हालाच जास्त लागलीय."

अण्णा मेहुणीकडेच राहिले. येताना बायको म्हणाली, "अण्णांना आता कोकणात नको न्यायला. झेपत नाही त्यांना." मी नुसतं "हं" केलं. महिनाभर ते त्या सहलीचंच बोलतायत.

घरी येऊन रेडिएटरजवळचा हवेचा स्क्रू सैल केला. बुडबुडेच बुडबुडे. कूलंट भरताना आतली हवा मी काढलीच नव्हती.

आत बायको फोनवर कोकणातली अण्णांची खोली रद्द करतेय. आणि मी इथे लिहीत बसलोय.