किल्लीची जागा

भाभी,

स्थानकातून प्रवचन ऐकून आलात की कुलूप उघडायच्या आधी हे वाचा. म्हणूनच चिठ्ठी घरात न ठेवता शेजारच्या कमलबाईंकडे दिली आहे. मोनाला मी धुळ्याला मावशीकडे नेते आहे. तिला रागावू नका.

मुलं सायबर कॅफेत कोणाशी काय बोलतात, हे मी कॉलेजच्या अभ्यासासाठी गावभर विचारत फिरते. आपल्या घरात विचारायचं मात्र राहून गेलं. आज मोनाला विचारलं. कॅफेवाल्याने मुलींना सांगितलंय, की चॅटिंगवरची ‘पिंकी’ खरी मुलगी नाहीच, कॉम्प्युटर स्वतःच उत्तरं देतो. मग काय, परक्या माणसाला कधी सांगितलं नसतं ते सगळं पोरींनी मशीनला सांगितलं. पर्युषणात घरचे सगळे प्रवचनाला जातात, मोना एकटी असते, किल्ली चपलांच्या कपाटात असते, हेसुद्धा.

काल पिंकीने लिहिलं, ‘उद्या प्रवचनाच्या वेळी तुझ्या घरी येते. कोणाला सांगू नकोस.’

भाभी, मशीन कोणाच्या घरी येत नाही.

स्थानकात येऊन सांगणार होते, पण चारचौघांत मोनाचं नाव निघायला नको. घरी थांबायची हिंमत झाली नाही. माझ्याजवळच्या किल्लीने दाराचं लॅचचं कुलूप लावून निघालो.

चपलांच्या कपाटातली किल्ली जागेवर नव्हती. तुम्ही नेली असेल तर मावशीकडे फोन करून तेवढं सांगा.

नेली नसेल, तर भैया आल्याशिवाय आत जाऊ नका. कुलूप लावलेलं दिसलं तरीही.

तारा