अकरा जण आणि काळा घागरा

चिल्काकोचा, दि. २ जून १९९६

ति. दादास,
कासिमिराचा नमस्कार.

पाव पोचले. सासूबाईंनी सगळ्यात मोठा उशाशी ठेवलाय, कोणाला हात लावू देत नाहीत. दंव चांगलं पडतंय. बटाटे गोठवून सुकवायला माळावर पसरलेत, सकाळी आम्ही दोघी ते पायांनी तुडवून पाणी काढतो. आठही लामा चांगले चरतात, ओझी उचलायला ठीक आहेत.

हे गेल्याला चार महिने झाले. यांच्या मागे पाठपिशवीवाल्या परदेशी पर्यटकांचे गट आता खिंडीपलीकडे कोण नेणार, म्हणून शहरातल्या सहलीच्या कचेरीचे रोलांदोसाहेब येऊन गेले. नऊ वर्षं मी त्या गटांचा स्वयंपाक केला, वाट मला पाठ आहे, म्हणून एक गट माझ्या हाती देऊन बघतो म्हणाले. अकरा जण, पाच दिवस, त्यांच्याकडची सगळ्यात स्वस्त सहल. पाचव्या दिवशी दुपारी दोनच्या बसला गट पोचला तर मार्ग आमच्याकडे राहील. नाहीतर ते शहरातली माणसं आणि खेचरं आणतील. मग ना लामांना काम, ना मला.

एक अट आहे. मी लाल घागरा घालायचा. काळ्या कपड्यातली बाई फोटोत बरी दिसत नाही म्हणे. वर्ष झाल्याशिवाय आपल्याकडे काळं उतरत नाही हे त्यांना ठाऊक आहे. मी काही बोलले नाही. ते होकार समजून गेले.

तुझं मत कळव. वहिनींना सांगावं की मी जेवते. माया आहे तशी असू दे.

तुझी धाकटी,
कासिमिरा


कुस्को, दि. ७ जून १९९६

चि. कासीस,
आशीर्वाद, आणि भट्टीची थोडी ऊबही.

तू काही बोलली नाहीस यात नवल ते काय? लग्नात पाद्रीबाबांनी तीनदा विचारलं, तेव्हा कुठे तुझ्या तोंडून हो निघालं. अकरा परक्या माणसांना तू वाट काय भुवयांनी दाखवणार आहेस?

माझं ऐकशील तर लाल घाल. पाच दिवसांचा तर प्रश्न. अन्सेल्मो असता तर तोच हसून घाल म्हणाला असता. काळं तुझ्या अंगावर घरच्या वडीलधाऱ्यांनी चढवलंय, तर सासूबाईंना विचार. त्या हो म्हणाल्या तर गावाचं तोंड आपोआप बंद होईल. वडिलांचा हट्टीपणा तुझ्यात पुरेपूर उतरलाय म्हणून एवढं लिहिलं.

वहिनी विचारते, जेवतेस म्हणजे किती? ते पुढच्या पत्रात लिही, आणि राग आला असला तरी पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझा दादा,
फोर्तुनातो


चिल्काकोचा, दि. २० जून १९९६

ति. दादास,
नमस्कार. दोन वाट्या सूप आणि बटाटे जेवते, असं वहिनींना सांग.

सासूबाईंना विचारलं. त्यांनी लाल घागरा पेटीतून काढून दिला आणि तोंड भिंतीकडे केलं. मी तो घडी करून परत ठेवला. काळ्यातच निघाले.

पहिल्याच दिवशी थोरला लामा ओझं चढवताच खाली बसला. बिल नावाच्या पोराने पिशवीत सात पुस्तकं भरली होती. जास्त झालं की लामा उठत नाही, कितीही विनवा. अखेर पुस्तकं बिलच्याच पाठीवर गेली. सगळे हसले, बिलही हसला.

तिसऱ्या दिवशी खिंड अर्ध्या तासावर राहिली असताना इयान नावाच्या पोराला विरळ हवा बाधली. आधी डोकं, मग ओकारी, मग दारू प्यायल्यासारखे पाय. वर हिम पडू लागलं होतं. मी सगळ्यांना खाली वळायला सांगितलं. मोठा कल्लोळ झाला. त्याला एकट्याला खाली पाठवा, आम्ही वर जातो, असं काहींचं म्हणणं. कोणी म्हणालं, वर्षभर पैसे साठवून आलोय, बस चुकली तर पुढचं सगळं चुकेल. पण त्याला धरून न्यायला दोघं लागत होते आणि वाट माहीत असलेले आम्ही दोघंच होतो, मी आणि लामा हाकणारे सिप्रियानोभाऊजी.

मार्ग्रीत नावाच्या डच बाईला स्पॅनिश येत होतं. पहिल्या दिवशी तिने मला काळ्या कपड्यांचं कारण विचारलं होतं, मी उत्तर दिलं नव्हतं. आता दिलं.

“हे काळं मी एका माणसासाठी घातलंय. दुसऱ्यासाठी घालणार नाही. चला खाली.”

तिने ते बाकीच्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. सगळे वळले.

खाली धनगराच्या झोपडीत इयानने संध्याकाळी सूप मागितलं. सकाळी भाऊजींनी त्याला धनगराच्या घोड्यावर बसवून नदीकाठच्या वाटेने सडकेकडे नेलं. आमच्यापुढे दोन दिवसांत तीन दिवसांची वाट होती. मी पुढे, लामाच्या चालीने, न थांबता, न धावता. मागून बिल लामांना हाकत होता. ते त्याचं ऐकत नव्हते, पण चालत होते.

पाचव्या दिवशी दोनला दहा कमी असताना सडक आली. इयान बसच्या पायरीवर बसून तळलेला पाव खात होता. रोलांदोसाहेब तिथेच उभे होते. त्यांनी माझ्या घागऱ्याकडे पाहिलं, मग माणसं मोजली. अकरा भरली. मग ते गटाबरोबर बसमध्ये चढले. म्हणून काय ठरलं ते अजून कळलेलं नाही. तिकडे काही कानावर आलं तर कळव.

तुझी,
कासिमिरा


कुस्को, दि. २७ जून १९९६

चि. कासीस,
आशीर्वाद, या खेपेला टोपी काढून.

तुझी अकराच्या अकरा माणसं भट्टीवर येऊन गेली. माझे पाव संपवले आणि मला कचेरीत ओढून नेलं. ती डच बाई रोलांदोशी काय बोलली ते सगळं लिहीत नाही, तू लाजशील. ऑक्टोबरपर्यंतचे सगळे गट तुझे. ८ जुलैला, सोमवारी, चौदा जण. घागऱ्याचं मी विचारलं, तर म्हणतो, कपड्यांबद्दल मी कधी काय बोललो होतो?

लाल घाल म्हणालो होतो ते माझं पत्र चुलीत टाक. चहा तरी होईल.

तुझा दादा,
फोर्तुनातो


चिल्काकोचा, दि. ३० जून १९९६

ति. दादास,
नमस्कार. चौदा जण नेते म्हणून त्यांना सांग. सासूबाईंनी तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि उशाचा पाव आणून माझ्यापुढे ठेवला. दगडासारखा झाला होता. दोघींनी सुपात बुडवून खाल्ला.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मीच राखून ठेवली. चौथ्या दिवशी खिंडीवर पोचलो तेव्हा दहाही जण आनंदाने ओरडले. आमचे हे असताना तिथे दर खेपेला ओरडायचे आणि मी मागे भांडी सांभाळत असायची. या वेळी सगळ्यांच्या पुढे मी होते. मीही ओरडले, दादा. इतक्या मोठ्याने की लामांनी माना वळवल्या.

फेब्रुवारीत काळं उतरवायला वहिनींना घेऊन ये. रीतीप्रमाणे नाच होईल. मी नाचणार आहे, तुलाही नाचावं लागेल. तोवर गप्प धाकटीवरची माया कमी करू नकोस.

तुझी,
कासिमिरा