दुसरा जामीन

मास्तर, तुमचा रूळ टेबलावर वाजायचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. आधी एक हलका ठोका, मग दोन जड. लगागा, लगागा, लगागा, लगागा. कौलांतून धूळ गळत असायची आणि तुम्ही डोळे मिटून भुजंगप्रयात वाजवत असायचात. वर्गात सगळ्यांत गोड मीच म्हणायचो. एकदा वीररसाची कविता चालली होती, रणात रक्ताचे पाट वाहत होते, आणि तुम्ही मला मध्येच थांबवलंत. ‘अर्थ सांग,’ म्हणालात. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. तोच रूळ माझ्या बोटांवर बसला. ‘गाढवा, इथे माणसं मरताहेत आणि तू झोके घेतोयस!’

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, ते मोजायचं मी सोडून दिलंय. कारखान्यातल्या नोकरीनं मला मद्रासला आणलं, मद्रासचं चेन्नई झालं तरी मी इथेच. आवडी नावाच्या उपनगराच्या पुढे घर बांधलं. बायको शेजारणींशी तमिळमध्ये भांडते, माझ्याशी मराठीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई ब्लाउज शिवते. पाण्याचे टँकर कुठे वळवायचे हे इथला एक दांडगट पुढारी ठरवतो, म्हणून या वेळी वॉर्डाच्या निवडणुकीत ती त्याच्याविरुद्ध उभी राहिली. मतदानाच्या दिवशी मी शाळेत रांगेत उभा आहे. कोयते घेतलेली माणसं आत शिरतात, मतपत्रिकांचे गठ्ठे घेतात आणि टपाल कचेरीत बसावं तशी बाकावर बसून धडाधड शिक्के मारायला लागतात. ही बाई जाते आणि मतपेटीवर बसते. उठेचना. तिला केसांना धरून ओढलं. फरशीवर पडली तरी पेटीची कड सोडली नाही, तेव्हा कोयत्याची उलटी बाजू तिच्या डोक्यात बसली. नारळ फुटावा तसा आवाज झाला. मग तो पुढारी स्वतः पुढे आला आणि त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. पोलीस आले, आणि पेटी पळवल्याच्या आरोपाखाली तिलाच घेऊन गेले. तिच्या बाजूची माणसंही. निकाल लागला, तो निवडून आला, रात्रभर फटाके वाजले. शाळेच्या फरशीवरचं रक्त मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. त्याचा पाट वगैरे काही झाला नव्हता, मास्तर. ते काळं पडलं होतं आणि त्यावर माशा बसल्या होत्या.

त्यांना सोडवायचं म्हणून आम्ही थोडी माणसं जमलो. पुढे होती एक तरुण वकील मुलगी. ती मला तात्ता म्हणते, म्हणजे आजोबा. मी हौसेनं तमिळमध्ये चार ओळींची घोषणा रचून नेली, वृत्तात. तिनं वाचली आणि म्हणाली, “तात्ता, लाठी पडायच्या आत दोन शब्द होतात. चार ओळी कोण म्हणणार?” बस स्टँडसमोर फलक धरून उभे राहिलो, आणि खरंच दोन शब्दांतच लाठ्या आल्या. पहिला फटका हलका पडला, पुढचे दोन जड. मी डांबरावर आडवा, आणि मनात लगागा मोजतोय! तुम्ही असता तर पुन्हा मारलं असतं. मग मनगट मोडलं, आणि त्यानंतरचा एकही फटका कुठल्याच वृत्तात बसेना. शेजारच्या माणसाचे दात माझ्या गालाखाली होते. बायको प्लास्टरकडे बघून म्हणाली, “शाळेत असताना हात मोडून घेतला असता तर लवकर जुळला तरी असता.”

बाकीचे हळूहळू जामिनावर सुटले. ती ब्लाउजवाली तेवढी राहिली. कोर्टानं तिचाही जामीन मंजूर केलाय, पण अट अशी, की याच वॉर्डात ज्यांची स्वतःची घरं आहेत अशी दोन माणसं घरपट्टीची पावती घेऊन उभी राहिली पाहिजेत. एक मी. दुसरा आमचा कॉफी पावडरवाला तयार झाला होता. परवा त्याच्या दुकानात माणसं शिरली. त्याच्या सहीच्या हाताची दोन बोटं दळणाच्या यंत्रात सापडली. मी भेटायला गेलो तर त्याची बायको दारातच म्हणाली, “अय्या,” म्हणजे इथलं ‘साहेब’, “तुम्ही चांगले आहात. पण पुन्हा आमची पायरी चढू नका.”

उद्यानंतर कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. वकील मुलगी काल तुरुंगात तिला भेटून आली. डोक्यातली जखम चिघळलीय, ताप उतरत नाही, आणि ती मध्येच समोर नसलेल्या गिऱ्हाइकाचं माप घ्यायला लागते. सुट्टी संपेपर्यंत ती टिकणार नाही, असं ही मुलगी म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. आज सकाळपासून मी दारोदार फिरलो. कुणाचं घर भावाच्या नावावर, कुणाची पावती हरवलेली. एकानं ताक दिलं, मी पिईपर्यंत थांबला आणि दार लावून घेतलं. कारखान्यात माझ्याशेजारी बसून डबा खाल्लेला एक जण म्हणाला, “तू बाहेरचा माणूस. आमचं आम्ही बघू.” काय बघणार, हे विचारायचं त्राण नव्हतं. घरी आलो आणि तुम्हाला लिहायला बसलो. हे कुठल्या पेटीत टाकायचं, मास्तर? कुठल्याच नाही. पण या वयात ओरडून घ्यावं असं दुसरं माणूस मला उरलेलं नाही.

आता दार वाजलं. बायको आतून म्हणाली, “उघडू नका.”

परत येऊन बसलोय. खलबत्त्यातला बत्ता चांगल्या हातात घेऊन गेलो होतो. दारात एक म्हातारी होती, घामाघूम, पदर डोक्यावर ओढलेला. मी ओळखलं, आणि माझी मूठ बत्त्यावर आणखी आवळली गेली. त्या निवडून आलेल्याची आई. पदराच्या आडून तिनं प्लास्टिकची पिशवी पुढे केली. आत घरपट्टीची पावती.

“घर माझ्या नावावर आहे, अय्या,” ती म्हणाली. “त्याच्या नाही.”

मी पावतीवरचं नाव वाचलं. ती म्हणाली, “त्यानं लाथ मारली तेव्हा मी रांगेत होते. बायकांच्या.”

“अहो, त्यांना दारात काय उभं करताय?” बायको मागून ओरडली. “कुणी बघितलं म्हणजे? आत घ्या आधी!”

म्हातारी आता स्वयंपाकघरात बसलीय, पाण्याचा तांब्या तोंडाला लावून. वकील मुलीला फोन करायचाय. पण मास्तर, तुम्हाला सांगतो, तिला मी लगेच आत घेतलं नाही. आधी तिच्या खांद्यावरून रस्ता बघितला, दोन्ही बाजूंनी, आणि तोवर बत्ता मी खाली केला नव्हता.