मवाळासमोर मुकाट चालणारा डबा

४ मार्च

पुन्हा बंद! हा कॉम्प्युटरचा डबा स्वतःच बंद पडला, स्वतःच सुरू झाला — जणू मध्ये काही घडलंच नाही! मी येरझाऱ्या घालत सांगत होतो, ही टाइप करत होती. पंपघर कंत्राटदाराच्या घशात घालायला निघालेल्यांवर आणि त्यांच्यापुढे माना डोलावणाऱ्या आपल्यातल्या शेळपटांवर असा काही परिच्छेद जमला होता! टेबल हादरलं, हिच्या चहाची कपबशी खुळखुळली, आणि पडदा काळा. सेव्ह न केलेलं सगळं गेलं.

"राहू द्या, आठवून लिहिते मी," ही म्हणाली. शांतपणे. तिला काय जातंय!

अधिवेशनात पाणीखात्याच्या वरिष्ठांसमोर आमच्या कामगार संघटनेतर्फे एकच जण बोलणार. इतकी वर्षं प्रश्नच नव्हता — मीच. यंदा कार्यकारिणीत कुणीतरी मवाळाचं नाव पुढे केलं. आता दोघांनी लेखी मसुदे द्यायचे आणि ते निवडणार. मला, निवडणार!

त्यात मवाळाचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. त्यामुळे त्याचाही मसुदा टाइप करणार कोण? माझीच बायको!

६ मार्च

मवाळ आला. हे नाव मीच ठेवलं त्याला, तरुणपणी, चिडवायला. आता लोक लाडानं घेतात.

खुर्चीत बसतो, घसा साफ करतो, एकेक वाक्य सांगतो, मध्येच "वहिनी, हे बरं वाटतं का हो?" असं विचारतो. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. अक्षर वाचलं नाही. आतून ही दोनदा हसली. माझ्यासमोर टाइप करताना शेवटची कधी हसली होती?

आणि डबा? दुपारभर एकदाही बंद पडला नाही!

८ मार्च

दुरुस्तीवाला येऊन गेला. डबा उघडला, फुंकर मारली — पावडरीचा डबा सांडावा एवढी धूळ. पंखा पुसला, मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली. "गरम होत असणार. साहेब, बघा आता कसा पळतो!"

संध्याकाळी मी उभा राहिलो. शेळपटांचा परिच्छेद. काळा पडदा!

जगातली तख्तं कशी कोसळली ते मी पाठ सांगेन. हा डबा का कोसळतो ते सांगता येत नाही.

९ मार्च

मवाळ. दुपारभर. डबा हूं की चूं नाही.

११ मार्च

डबा दुकानात नेला होता. "वायरी राहू द्या घरी, नुसता डबा आणा," असं दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं. त्यानं वीजपुरवठ्याचा आतला खोकाच बदलला. दोन दिवस चालवून पाहिला.

"साहेब, माझ्याकडे गरीब गाय आहे हो. माहेरी नांदते, सासरी रुसते. सासरीच बघा काय होतंय!"

मला हसू आलं नाही.

१२ मार्च

रुसला. पुन्हा त्याच जागी.

१३ मार्च

लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे? आज मी दाराआड उभा राहिलो. शेकडो लोकांसमोर छाती काढून बोलणारा मी, स्वतःच्या घरात दाराआड!

टेबलावर माझी छापलेली पानं होती. मवाळानं ती उचलली असावी. पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "वहिनी, काय लिहितो हो हा! 'नळ उघडल्यावर येतो तो आवाज पाण्याचा नसतो, कुणीतरी तुमच्यासाठी जागं असल्याचा असतो.' यापुढे माझं म्हणजे नुसतं पाणचट."

छाती फुगली. हे वाक्य मी नक्की कधी सांगितलं ते आठवेना. पण या घरात असं वाक्य दुसरं कोण करणार?

तेवढ्यात ही म्हणाली, "भाऊजी, तुम्ही सावकाश सांगता. मला बरं पडतं."

फुगलेलं सगळं उतरलं.

१४ मार्च

ठरवलं — त्याला जमतं ते मला का नाही? खुर्चीत बसलो. घसा साफ केला. हळू आवाजात सांगितलं. ही चकित होऊन बघत राहिली. डबा चालला! चालतच राहिला!

मग एक शब्द न बोलता उठलो आणि टेबलावर मूठ आपटली. काळा पडदा.

डब्यामागे वाकून पाहिलं. विजेच्या वायरीचा प्लग खाचेत अर्धवट लोंबत होता. टेबल हादरलं की तो सुटायचा, पुन्हा टेकायचा. दुकानात वायर त्यांची, टेबल त्यांचं, आणि मूठ आपटायला मी नाही. कसा बंद पडेल?

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मवाळ आला की?"

"दाबून बसवते. ते कुठे आपटतात?"

"मग माझ्या वेळी का नाही?"

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला. "अहो, मूठ येते तेव्हा तुम्ही कुणाला तरी शिव्या देत असता. तेवढं गेलं तर बरंच की. मग मी आठवून लिहिते — जेवढं आठवावंसं वाटतं तेवढं."

"आणि ते नळाचं वाक्य?"

"तुम्ही पाणी प्यायला गेला होतात."

१६ मार्च

परवा रात्रभर अबोला. काल वायर मीच गच्च बसवली. म्हटलं, आता शब्दन् शब्द घे. ती म्हणाली, "बरं." सांगितलं, गरजलो, हवं तेवढं आपटलं. डबा हलला नाही. तिनं एक अक्षर गाळलं नाही.

आज छापून वाचलं. शेळपट, शेळपट, शेळपट. मधल्या जागेत मी. नळाच्या वाक्यातला, पंपावर जागणारा माणूस शोधला — सापडला नाही! तो जुन्या पानांत होता. तिच्या.

हिच्या हेव्यापेक्षा मवाळाचा हेवा परवडला. तो निदान काम झालं की आपल्या घरी जातो.

१७ मार्च

मसुदा उद्या द्यायचा. ही स्वयंपाकघरात होती. डब्यामागे हात घातला आणि वायर थोडी सैल केली.

मग हाक मारली, "येतेस का? सुरुवात करू." मूठ वळून उभा राहिलो.