वीसवर थांबलेला काटा

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : बाह्यरुग्ण विभागातील रक्तदाब मोजण्याचे यंत्र बदलून मिळणेबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ : माझे आधीचे तीन अर्ज, भांडार विभागाचा "यंत्र सुस्थितीत" हा शेरा.

महोदय,

रोज सकाळी पावणेनऊला मी टेबल पुसते, केसपेपर लावते आणि यंत्र पेटीतून काढते. पट्टा कुणाच्या दंडाला नसतो, हवा भरलेली नसते, तरी काटा वीसवर असतो. आठ महिने तो शून्यावर आलेला नाही. म्हणून प्रत्येक आकड्यातून वीस वजा करूनच मी केसपेपरवर लिहीत आले.

१. पहिल्या अर्जावर, यंत्र बंद असल्याचा दाखला जोडावा, असे उत्तर आले. यंत्र चालते, फक्त खोटे बोलते. तशा दाखल्याचा नमुना कार्यालयात नाही.

२. दुसऱ्या अर्जानंतर भांडारपाल तपासणीस आले. पट्टा त्यांनी स्वतःच्याच दंडाला बांधून घेतला. काटा एकशे साठवर थांबला. वीस वजा करायचे असतात, हे मी सांगेपर्यंत ते घाम पुसत उठले, यंत्राला "सुस्थितीत" शेरा दिला आणि दोन दिवसांची रजा टाकून घरी गेले. तिसऱ्या अर्जावर तोच शेरा परत आला.

३. गेल्या महिन्यात नवे डॉक्टर रुजू झाले. मदतनीस मावशींनी आपुलकीने त्यांना सांगितले, "आमचं यंत्र वीस जास्त दाखवतं, तेवढं वजा धरा." मी आधीच वजा करते, हे डॉक्टरांना कुणी सांगितले नाही, मीही नाही. रक्तदाबाचे आमचे जुने रुग्ण शिंपीकाका त्यांच्याकडे आले, तेव्हा काटा दोनशेवर होता. मी एकशे ऐंशी लिहिले, डॉक्टरांनी एकशे साठ धरले आणि गोळी आहे तीच ठेवली. चौथ्या दिवशी पक्षाघाताने काकांचा उजवा हात गेला, कात्री धरायचा.

काल त्यांच्या पत्नी, काकू, केसपेपर घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, खरा आकडा कुठला होता, तेवढं सांगा." मी सगळे सांगितले. त्यांनी केसपेपर घडी करून पिशवीत ठेवला आणि त्या गेल्या.

यात माझाही दोष आहे. चौकशीत तसा लेखी जबाब देईन. परंतु या यंत्राला आणखी सांभाळून घेणे मला शक्य नाही. आज सकाळी मी त्याची रबरी नळी कापली. आता ते बंद आहे. नवे यंत्र येईपर्यंत प्रत्येक रुग्णाला वरच्या मजल्यावरील प्रसूती विभागात नेऊन मी रक्तदाब मोजत आहे. रांग लांबल्याच्या तक्रारी माझ्यावर नोंदवाव्यात.

आपल्या लेखी आदेशाच्या प्रतीक्षेत,

परिचारिका,
बाह्यरुग्ण विभाग
दि. १४ जुलै

सोबत :
१. आधीच्या तीन अर्जांच्या प्रती
२. यंत्र बंद असल्याचा दाखला
३. कापलेली नळी