मानेतला आवाज

४ एप्रिल

आज पुन्हा! बाबांच्या — सासऱ्यांच्या — डाव्या डोळ्यापुढे अंधाराचा पडदा उतरला आणि थोड्या वेळाने आपोआप वर गेला. बाबांचं उत्तर ठरलेलं — भट्टीचा धूर. काजूच्या दिवसांत हुर्राकाची दारू गाळणाऱ्या घरात सगळ्या दुखण्यांना हेच उत्तर. पण दर वेळी एकाच डोळ्यात कसा जातो हा धूर?

९ एप्रिल

पार्से पंचायतीत तपासणीचं शिबिर होतं. चष्म्यासाठी म्हणून बाबांना नेलं. डॉक्टर सिद्धी, माझ्या भाचीच्या वयाची. पेनासारखं एक टोक तिने त्यांच्या मानेला लावलं, आणि हातातल्या डबीतून रक्ताचा आवाज मोठा होऊन खोलीभर ऐकू आला. उजवीकडे ठोक ठोक, स्वच्छ. डावीकडे — माडा-पोफळीच्या कुळागरातल्या पाण्याच्या पाइपवर कुणी पाय द्यावा, तसा फुसकारा.

"पाइप चोंदलो काय गो?" बाबांनी विचारलं.

ती हसली, पण जपून. मेंदूकडे जाणारी शीर अरुंद झाली असावी, म्हणाली. डोळ्यापुढचा पडदा हा त्या शिरेचाच इशारा. स्कॅन करा, लवकर.

१२ एप्रिल

स्कॅनमध्येही तेच. असंच ठेवलं तर एखाद्या दिवशी अर्धं अंग जाऊ शकतं. पण वेळेत कळलं, असं मोठे डॉक्टर म्हणाले. गाडीत मी ते वाक्य मनात घोळवत राहिले. वेळेत कळलं. अठरा तारखेला ऑपरेशन.

बाबा म्हणतात, आधी देवाचा कौल. माझा नवरा चिडला, उचलूनच नेतो म्हणाला. मी म्हटलं, घेऊ दे त्यांना. या घरात विहीर खणली ती कौल घेऊन, मला सून करून आणलं तेही कौल घेऊनच.

१५ एप्रिल

गुरवाने देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नको. बाबांनी हात जोडून मनातच सवाल घातला. आम्ही मागे उभे.

डावी पडली.

सासूबाई घरी येऊन तशाच आडव्या झाल्या. बाबा मात्र पोटभर जेवले आणि भट्टीकडे गेले. मी पाठमोऱ्या त्यांच्या मानेकडे बघत राहिले.

१७ एप्रिल

तारीख उद्याची. पिशवी भरायची हिंमत होत नाही — आणि इस्पितळात 'नको' असं कळवायचीही.

१८ एप्रिल

सकाळी दार उघडलं तर बाबा धुतलेला सदरा घालून ओसरीवर, पायाशी त्यांनीच भरलेली पिशवी! मी अडखळत विचारलं, बाबा, कौल?

"तो गावलो मगो. मी देवाक इचारलंय, ऑपरेशन केल्याशिवाय असोच रवलो तर चलात? देव नको म्हणालो. तुमी तोंडां पाडून कित्याक बसलात?"