पावणेचारची नोंद

दि. ९, सोमवार

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. तुझं पत्र गुरुवारीच मिळालं. उत्तराला बसले की काही ना काही काम निघतं, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. कामं मीच काढत होते. काल तर आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं. बाकी इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच.

पुढच्या सोमवारी चिऊला आमच्या हॉस्पिटलात दाखल करायचं म्हणतेस. 'तू तिथे सिस्टर आहेस म्हणून मी निर्धास्त आहे,' हे वाक्य तू दोनदा लिहिलंयस. ताई, पोरीला इतक्यात आणू नकोस. वॉर्डात रंगकाम चाललंय, वासाने तिचं डोकं चढेल. खाटाही भरलेल्या आहेत.

रंगकाम कधीच संपलं. आणि खाट आहे. एक नुकतीच रिकामी झाली.

गेल्या वर्षी आमच्याकडे 'गुणवत्ता आणि सुरक्षा' आली. म्हणजे एक साहेब आले, पडद्यावर चित्रं दाखवली आणि तक्ते देऊन गेले. जिवाचं बरंवाईट करून घेईल अशी भीती असलेल्या पेशंटला दर पंधरा मिनिटांनी जाऊन बघायचं, ती काय करते आहे ते चौकटीत लिहायचं, सही करायची. मला पटलं होतं. पण बेचाळीस बायकांमागे मी एक आणि मावशी एक, आणि असे तक्ते नऊ. बघायला उठावं तर लिहायचं राहतं, आणि चौकट कोरी राहिली की मेमो येतो. बघितलं नाही म्हणून मेमो आल्याचं मी ऐकलेलं नाही. मग आम्ही सगळ्यांनीच एक युक्ती काढली. दुपारचं जेवण उरकलं की चार वाजेपर्यंतच्या चौकटी एका बैठकीत भरून टाकायच्या. दोन पेनं वापरायची. सगळीकडे 'झोपली आहे' लिहिलं तर संशय येतो, म्हणून मधेच 'खिडकीपाशी उभी', मधेच 'पाणी प्यायली'. मी यात इतकी पटाईत झाले की नव्या मुलींना मीच शिकवलं.

त्या नऊ जणींत एक शिंपीण होती. तीन आठवड्यांत कोणाशी धड बोलली नव्हती. एके दिवशी अचानक माझी बाही धरली.

"सिस्टर, खांद्याला उसवलंय तुमचं. सुई द्या, दोन टाके घालते."

"इथे सुई मिळत नाही हो, बाई."

"मग मिळतं तरी काय इथे?"

मी हसले. ती नाही हसली.

मागच्या बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मावशी धावत आली. न्हाणीघराला आतून कडी होती. दार तोडलं तेव्हा शिंपीण गेलेली होती. डॉक्टर तोंडाने म्हणाले, तासभर तरी झाला असेल. कागदावर त्यांनी 'नुकताच' लिहिलं. ताई, तो तासभर मी वीस पावलांवर, तिकडे पाठ करून, तक्ते भरत होते. टेबलाशी परत आले तर तिचा तक्ता समोरच होता. सव्वातीन: खिडकीपाशी उभी. साडेतीन: पाणी प्यायली. पावणेचार: शेजारणीशी बोलली, हसली. प्रत्येक ओळीपुढे माझी सही.

मेट्रन ओरडल्या नाहीत. कोरा तक्ता पुढे सरकवून म्हणाल्या, "तीनपर्यंतच्याच नोंदी घ्या. सगळ्यांनाच घरंदारं आहेत." मी घेतल्या. दोन पेनंही आठवणीने वापरली, याचंच मला नंतर भय वाटलं. तिच्या नवऱ्याने विचारलं, "शेवटी कशी होती हो?" मी म्हटलं, "शांत होती." त्याने माझे आभार मानले.

शनिवारी समिती येऊन गेली. नोंदीत कुठेही खंड नाही, असा शेरा मिळाला. बाकीच्या वॉर्डांनी आमचा कित्ता गिरवावा म्हणे. मी खरं सांगेन असं तुला लिहावंसं वाटतं, पण मी सांगणार नाही. माझ्यात तेवढी धमक नाही, आणि सांगितलं तरी ते दहावा तक्ता काढतील. आज दुपारी मी पुन्हा चौकटी भरल्या.

चिऊ दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडते, 'मला शोधू नका' म्हणते, असं तू लिहिलंस. तिला दुसरीकडे कुठे न्यावं, हे मला सांगता येत नाही. दुसरीकडे काही नाहीच. घरी तुझ्याच्याने तिला एकटीने सांभाळणं होणार नाही, हेही कळतं. म्हणजे तू तिला इथेच आणणार.

तर आण. पण सोडून जाऊ नकोस. नातेवाइकांना आत बसू देत नाहीत, तू दारात बस. तिच्यावरून नजर काढू नकोस. न्हाणीघरात गेली तर मागोमाग जा, तिने शिव्या घातल्या तरी जा. तक्ता दाखवून कोणी म्हणालं, बघा, सगळं व्यवस्थित आहे, तर मान डोलव आणि बसून राहा. आणि मी स्वतः येऊन, "ताई, तू दमलीस, जा जरा पड, मी आहे ना," असं म्हटलं, तरी उठू नकोस.

तुझी,
धाकटी